निळ्या खड्यांचा जुना हार: आधी उलटा करून बघा

दिवाळीच्या आधी कपाटं आवरली जातात, लग्नसराईच्या तोंडावर लॉकर उघडले जातात, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे जवळजवळ एकाच मजकुराची पत्रं येऊ लागतात. ‘आजीच्या डब्यात सोन्याचा हार निघाला. त्यात निळे, थोडे हिरवट खडे आहेत. सराफ म्हणाले, खडे कामाचे नाहीत, सोनं हलकं आहे, मोडून टाका. काय करावं?’ सोबत फोटो असतो. हार मखमलीवर छान मांडलेला, समोरून काढलेला. त्या फोटोवरून सांगता येण्यासारखं फारच थोडं असतं.

घाईत असाल तर तूर्त एवढंच पाळा: हार मोडू नका, धुऊ नका आणि पालथा करून बघा. बाकीचं सावकाश वाचा.

खड्यावरून हाराचं गाव कळत नाही

असे निळे अपारदर्शक खडे बहुधा पिरोजाचे असतात. कुणी फिरोजा म्हणतं, दुकानात टर्क्वाइज म्हणतात, दगड एकच. फारसीत ‘पीरूज’ म्हणजे विजयी. इराणच्या खोरासान भागात निशापूरजवळ याच्या खाणी आहेत, आणि तिथला आभाळासारखा एकसारखा निळा दगड शेकडो वर्षं सगळ्यांत उंची मानला गेला. तो तुर्कस्तानच्या वाटेनं युरोपात पोहोचला, म्हणून फ्रेंचांनी त्याला ‘तुर्की’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. माल इराणचा, नाव मधल्या व्यापाऱ्याचं.

हा दगड जयपूरला गेला, लंडनला गेला, ल्हासालाही गेला. त्यामुळे ‘खडा इराणी आहे’ असं कुणी सांगितलं तरी हार इराणी ठरत नाही. हार कुठे घडला हे सांगते ती सोनाराची पद्धत: खडा कसा बसवलाय, पाठीला काय केलंय, झाळ कशी दिलीय, फासा कुठल्या जातीचा आहे.

आपल्याकडच्या जुन्या घडणीत, म्हणजे तन्मणी, चिंचपेटी, लफ्फा यांत, मोती, माणिक आणि पाचूचं राज्य आहे. पिरोजा नवरत्नांतही बसत नाही. तेव्हा मराठी घरात जुना पिरोजाचा हार निघाला तर तो बाहेरून आला असण्याची शक्यता मोठी. म्हणून सराफाकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. पणजोबा निजामाच्या चाकरीत होते का? कुणी रेल्वेत, लष्करात, ईस्ट आफ्रिकेत होतं का? मुंबईतल्या एखाद्या इंग्रजी दुकानातून लग्नात आहेर आला होता का? या उत्तरांनी निम्मं काम होतं, आणि ती देणारी माणसं फार काळ थांबणार नसतात.

पहिल्या दिवशी एवढं करा

- दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता फोटो काढा. समोरून एक, पाठीचे चार-पाच, फाशाचे दोन. शेजारी मोजपट्टी ठेवा.
- एकूण वजन करून घ्या आणि ते चिठ्ठीवर लिहून मागा. ‘अंदाजे साडेतीन तोळे’ हे वजन नव्हे.
- घरात ऐकलेली हकिकत, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून लिहून ठेवा.
- जुना डबा टाकू नका. झाकणाच्या आतल्या रेशमावर दुकानाचं नाव आणि पत्ता छापलेला असेल, तर पेढी त्या पत्त्यावर कोणत्या वर्षांत होती यावरून काळ ठरवता येतो. मूळ डब्यासकट हाराला गिऱ्हाईकही चांगलं मिळतं.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं. ते महाग नसतं.

पाठ कशी वाचायची

*इंग्रजी घडण.* आमच्याकडे येणाऱ्या फोटोंत ही बरीच दिसते आणि हिच्याबाबतच जास्त गैरसमज होतात. 1820-30च्या सुमाराची असेल तर केसासारख्या बारीक सोन्याच्या तारेची वेटोळी, शिंपल्यासारख्या गुंडाळ्या आणि मधूनमधून रवे दिसतील. नेपोलियनच्या युद्धांनंतर युरोपात सोन्याची टंचाई होती. थोड्या सोन्यात मोठा दागिना दिसावा म्हणून हे तारकाम आलं. ते हातात घेतलं की अपेक्षेपेक्षा फारच हलकं लागतं. 1840नंतरच्या हारांत छोटे घुमटाकार पिरोजे एकमेकांना खेटून, डाळिंबाच्या दाण्यांसारखे बसवलेले असतात. सापाच्या आकाराचे हार त्या काळी अतिशय लोकप्रिय होते: अंगावर पिरोजाचे खवले, डोळ्यांत लाल खडे आणि तोंडात लटकणारा बदाम. राणी व्हिक्टोरियानं 1840च्या आपल्या लग्नात तिचा पायघोळ झगा धरणाऱ्या बारा मुलींना पिरोजाचे गरुड असलेले ब्रोच भेट दिले होते. राजघराण्यातच हा खडा मिरवू लागल्यावर तो घरोघरी गेला नसता तरच नवल.

इंग्रजांत ‘फरगेट-मी-नॉट’ नावाचं छोटं निळं फूल आठवणीची खूण मानतात, आणि पिरोजाचा रंग नेमका तोच. म्हणून या हारांच्या पदकामागे काचेची खिडकी असते आणि खिडकीत कधी कुणाच्या तरी केसांची बट. गेल्या वर्षी एका ताईंनी घाबरून विचारलं होतं, ‘ही करणी तर नसेल?’ नाही. ती कुणा इंग्रज बाईनं जपलेली आपल्या माणसाची आठवण आहे. बट काढू नका. ती गेली की पुरावा गेला.

आता छाप. फाशाच्या जिभेवर किंवा कडीवर भिंगातून ‘15’, ‘15 सीटी’ किंवा ‘.625’ दिसलं तर जपून ठेवण्यासारखी गोष्ट हाती लागली असं समजा. ब्रिटनमध्ये 9, 12 आणि 15 कॅरेट सोन्याला 1854मध्ये मान्यता मिळाली आणि 12 व 15 कॅरेट 1932मध्ये बंद झाले. म्हणजे 15चा खरा छाप असलेला डाग 1854 ते 1932 यांमधलाच. ‘9’ मात्र आजही चालू आहे, त्यावरून काळ ठरत नाही. ‘आरडी’ अशा अक्षरांपुढे आकडा असेल तर तो नक्षीच्या नोंदणीचा क्रमांक, 1884पासूनचा. गरुडाचं इवलंसं डोकं दिसलं तर फ्रान्सचं 18 कॅरेट, 1838 किंवा नंतरचं. आणि काहीच छाप नसेल तरी निराश होऊ नका, व्हिक्टोरियाच्या काळातले कितीतरी दागिने बिनछापाचेच आहेत.

आपल्या सराफाला 22 आणि 18 कॅरेटची सवय. कसोटीवर 15 कॅरेट घासलं की ते ‘भेसळीचं’ वाटतं. तो खोटं बोलत असतोच असं नाही. त्याच्या हिशेबात ते सोनं हलकंच. पण तेच हलकं सोनं त्या हाराचा जन्मदाखला असतं.

*जडाव.* पुढे खडे कोंदणात, एकही नखी नाही, खड्याभोवती शुद्ध सोन्याचा वर्ख दाबून बसवलेला. पाठीला लाल, हिरवी, पांढरी मीनाकारी. ही कुंदनाची पद्धत, राजस्थान, दिल्ली, हैदराबाद या पट्ट्यातली. पोटात लाख असते, म्हणून नखानं हलकेच टिचकी मारली तर आवाज बोदा येतो. पट्टा रेशमी-जरीच्या गोफाचा असतो आणि तो झिजला की पटवेकऱ्याकडून बदलून घेतात, तेव्हा गोफ नवा दिसला म्हणून हार नवा ठरवू नका. एक ठळक फसगत इथे होते. पिरोजी रंगाचा मीनाही असतो. तो धातूच्या पातळीत सपाट असतो, काचेसारखा चमकतो आणि त्याला स्वतंत्र कड नसते. खडा उठून दिसतो, त्याच्याभोवती जोड दिसतो. एकाच हारात पुढे पिरोजा आणि मागे पिरोजी मीना, असंही आढळतं.

*हिमालयापलीकडची.* मध्यभागी चौकोनी किंवा ताऱ्यासारखी डबी असेल, आत मंत्राची चिठ्ठी किंवा पवित्र वस्तू ठेवण्याची जागा असेल, तर ती तिबेटी ‘गाऊ’. ल्हासाच्या खानदानी बायकांचे गाऊ सोन्याचे असत, पण पुढचा पत्रा सोन्याचा आणि मागचा चांदीचा किंवा तांब्याचा, असंही असतं. ती लबाडी नाही, तशी रीत होती. ही कामं बरीचशी काठमांडूच्या खोऱ्यातून गेलेल्या नेवार कारागिरांची. इथे खडे हिरवट आणि काळ्या रेषांचे असतात आणि तिकडे ते आवडीनं घालतात. लडाखमध्ये बायका डोक्यावर ‘पेराक’ घालतात, चामड्याच्या पट्टीवर पिरोजांच्या रांगा शिवलेला. तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो. असे जुने डाग उसवून, खडे ओवून, सोन्याचे मणी घालून पर्यटकांसाठी हार करतात. खडा जुना, हार परवाचा. भोकांच्या कडा झिजलेल्या पण मण्यांच्या कडा धारदार, असं दिसलं तर हेच समजावं.

*बुखारा आणि आसपास.* मध्य आशियातले पिरोजाचे भारदस्त हार पुष्कळदा चांदीचे असतात, वर सोन्याचा मुलामा. पाठीच्या खोलगट भागात, जिथे अंगाला घासत नाही तिथे सोनेरी आणि उंचवट्यावर पांढरट दिसलं की समजा. चांदीचा आहे म्हणून टाकाऊ नाही, पण सोन्याच्या भावानं विकत घेऊ नका.

*प्राचीन.* हे नीट वाचा, कारण इथे पैसाही जातो आणि अडचणही येते. इजिप्तमध्ये सिनाईतल्या सेराबित अल-खादिमच्या खाणींतून पिरोजा काढत. लाहून इथे 1914मध्ये सापडलेल्या एका राजकन्येच्या पदकात पिरोजा, लाजवर्द आणि कार्नेलियन वगैरेंचे 372 तुकडे सोन्याच्या घरांत बसवलेले आहेत. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अफगाणिस्तानात तिल्या तेपे इथे 1978मध्ये व्हिक्टर सारियानिदी यांच्या पथकाला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कबरींतून वीस हजारांहून अधिक सोन्याच्या वस्तू मिळाल्या, कितीतरी पिरोजानं मढवलेल्या. युद्धाच्या वर्षांत त्या काबूलमधल्या तिजोरीत दडवल्या होत्या, 2004मध्ये पेट्या उघडल्या गेल्या. या प्रसिद्धीनंतर ‘बॅक्ट्रियन’, ‘सिथियन’ अशी नावं लावलेले हार दाखवून भुलवणं सोपं झालं. आमचा सल्ला रोखठोक आहे: असा हार खोटा असेल तर तुमचे पैसे गेले आणि खरा असेल तर तो लुटीचा असण्याची शक्यता मोठी. दोन्ही बाजूंनी तुमचं नुकसान. हात लावू नका.

पाठीवर आणखी काय शोधाल

करड्या रंगाचे डाग दिसले तर ती कथलाची झाळ, म्हणजे कुणीतरी केलेली स्वस्त दुरुस्ती. हाराची किंमत तिनं उतरते. खड्याभोवती पिवळसर चकाकी म्हणजे अलीकडचा गोंद. गोल कडीत स्प्रिंग असलेला फासा बहुतेक विसाव्या शतकातला. हार जुना आणि फासा नंतर लावलेला, असं पुष्कळदा असतं. दुरुस्तीची लाज वाटून घेऊ नका. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूला एकदाही हात लागला नसेल, तर उलट मला संशय येतो.

खडा खरा आहे का?

गरम सुई टोचून बघा, थेंबभर अॅसिड टाका, जिभेला लावा, असले सल्ले ऐकू नका. पहिल्या दोन्हींनी खऱ्या खड्यालाही इजा होते. पिरोजा मऊ असतो, काठिण्य 5 ते 6च्या आसपास, आणि सच्छिद्र असतो. भिंगातून एवढं पाहा:

- आत बुडबुडे, टवका उडालेल्या जागी काचेसारखी चमक: काच.
- कोळ्याच्या जाळ्यासारख्या करड्या रेषा आणि भोकाच्या आत पांढरं: रंगवलेला हाउलाइट. हा आजच्या बाजारातला सगळ्यांत नेहमीचा पाहुणा.
- सगळे खडे रंगाला, डागांना हुबेहूब सारखे: दाबून केलेला किंवा प्रयोगशाळेतला माल.
- हाडासारखी, दातासारखी बारीक रचना: ओडोन्टोलाइट, म्हणजे जीवाश्म झालेला निळा दात. फ्रान्समधून येत असे आणि एकोणिसाव्या शतकात पिरोजा म्हणून सर्रास बसवला जाई.

शेवटच्या प्रकाराकडे लक्ष द्या. खडा नकली निघाला म्हणजे हार नवा, असं होत नाही. त्या काळातही नकला होत्या. ‘व्हिएन्ना पिरोजा’ नावाची दाबून केलेली नक्कल एकोणिसाव्या शतकातलीच. उलट प्लॅस्टिकची राळ भरलेला खडा जुन्या घरात बसलेला दिसला तर तो नंतर बदललेला.

खात्री हवी तर रत्नप्रयोगशाळेत द्या. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, जयपूरलाही अशा जागा आहेत. अर्ज भरताना दोन प्रश्न स्पष्ट विचारा: खडा नैसर्गिक आहे का, आणि त्यावर राळ, मेण किंवा रंगाची प्रक्रिया झाली आहे का. ‘खडे सोडवून आणा’ म्हणाले तर नकार द्या. आणि पत्रकात हाराचं वय मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, ते त्यांचं काम नव्हे.

सोन्याचा कस तपासायला मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात जाता येतं. घरगुती ग्राहकाचा दागिना तिथे माफक शुल्कात तपासून देतात. खरवडून नमुना घेऊ देऊ नका, यंत्रावरची तपासणी पुरे. मात्र ते यंत्र पृष्ठभागच वाचतं. मुलामा असेल तर ते मुलाम्याचं सोनं सांगेल. म्हणून पाठीच्या झिजलेल्या जागीसुद्धा वाचन घ्यायला सांगा.

रंग हिरवा पडलाय, साफ करून घेऊ?

माझ्या मावशीकडे असा एक हार होता, पाच पदरांचा नाही की मोठा नाही, गळ्यालगत बसणारा, चोवीस खड्यांचा. लग्नाआधी उजळून द्या म्हणून तिनं तो एका दुकानात दिला. तिथल्या मुलानं तो कंपनाच्या यंत्रात, साबणाच्या गरम पाण्यात टाकला. संध्याकाळी हार परत आला तेव्हा सोनं झगझगीत होतं, सहा घरं रिकामी होती आणि उरलेले खडे शेवाळी झाले होते. पडलेले खडे कागदाच्या पुडीत बांधून दिले होते, त्यातले दोन फुटलेले. दुकानदार म्हणाला, ‘खडे खोटे होते हो.’ ते खरे होते, म्हणूनच तसे झाले.

पिरोजा तेल, घाम, अत्तर, साबण शोषतो आणि हिरवट पडतो. हे परत फिरवता येत नाही. जो कुणी ‘मूळ निळा करून देतो’ म्हणतो तो खड्याला रंग देतो. आपल्याकडे सोनं उजळायला रिठा किंवा चिंच वापरतात. पाटल्या-बांगड्यांना चालेल, या हाराला अजिबात नाही. चिंचेच्या आंबटपणानं खडा खराब होतो, आणि जडावाचा असेल तर पाणी आत शिरून लाख सुटते. किंचित ओलसर मऊ फडकं फिरवा, लगेच कोरडं पुसा. हार घालायचा झाल्यास अत्तर आणि हेअरस्प्रे आधी, हार सगळ्यांत शेवटी. ठेवताना मलमलीत, सपाट. मोत्यांच्या किंवा हिऱ्यांच्या डागांबरोबर एका डब्यात नको, ओरखडे पडतात.

तिघी बहिणी आणि एक हार

हार तोडून तीन भाग करायचे, एकीला पदक, दोघींना साखळी, हा तोडगा घराघरांत निघतो. त्यानं भांडण मिटतं पण हारही मिटतो. तुकड्यांची एकत्रित किंमत अख्ख्या हाराच्या जवळपासही जात नाही. नोंदणीकृत मूल्यांककाकडून किंमत काढून घ्या, एकीनं हार घ्यावा आणि बाकीच्यांना पैशांत किंवा इतर दागिन्यांत भरपाई द्यावी.

‘आजीचे दागिने मुलींचेच’ ही रीत झाली. कायदा वेगळा आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे हिंदू स्त्रीनं मृत्युपत्र केलं नसेल तर तिची मालमत्ता, दागिन्यांसकट, मुलगे, मुली आणि पती यांना समान वाटणीनं जाते. आधीच वारलेल्या मुलाचा किंवा मुलीचा वाटा त्यांच्या मुलांना मिळतो. सुनेला केवळ सून म्हणून वाटा नाही. तेव्हा आजी हयात असेल तर तिला हाराचं नाव घालून मृत्युपत्र करायला सांगा. ‘निळ्या खड्यांचा, पाठीला काचेची खिडकी असलेला, अमुक ग्रॅमचा’ असं वर्णन हवं, नुसतं ‘माझे दागिने’ नको.

विकायचाच असेल तर

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत, आणि त्यांतली सगळ्यांत सोपी तीच सगळ्यांत तोट्याची.

मोडीत घातलात तर काय मिळेल ते मांडून बघा. समजा एकूण वजन 42 ग्रॅम, खडे 8 ग्रॅम, उरलं सोनं 34 ग्रॅम. ते 15 कॅरेटचं, म्हणजे 62.5 टक्के, शुद्ध सोनं 21.25 ग्रॅम. त्यातून गाळणीची तूट वजा. खड्यांचे शून्य, कारागिरीचे शून्य, दीडशे वर्षांचे शून्य. जडावात तर लाखेचं वजनही जातं. सोन्याचा भाव चढला की लोक याच वाटेनं धावतात, आणि आमच्या मते असे हार सगळ्यांत जास्त त्याच दिवसांत गेले आहेत. जुन्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याकडे भाव याहून बरा मिळतो. निदान तिघांकडे दाखवा आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्याला सांगू नका. तिसरी वाट लिलावाची. मुंबईतली लिलावगृहं दागिन्यांचे लिलाव करतात. देण्याआधी दलाली किती, विमा आणि छायाचित्रांचा खर्च कुणाचा, राखीव किंमत कोण ठरवणार, आणि विकला गेला नाही तर परत आणण्याचा खर्च कुणावर, हे लेखी घ्या.

हॉलमार्क नाही म्हणून विकता येणार नाही, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे. घरातला जुना बिनहॉलमार्क डाग सराफाला विकायला बंदी नाही. कुंदन, पोलकी आणि जडाव तर त्या सक्तीतूनच वगळले आहेत.

पैसे बँकेतून घ्या. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा जास्त रोख स्वीकारली तर आयकर कायद्यानं स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि इथे स्वीकारणारे तुम्ही असता. वारशानं हार मिळाला त्यावर कर नाही; विकल्यावर नफ्यावर आहे. धारणकाळ आजीपासून मोजतात, त्यामुळे तो दीर्घकालीन ठरतो आणि 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर 12.5 टक्के दर लागतो. हार 1 एप्रिल 2001च्या आधीचा असेल तर त्या दिवशीची वाजवी किंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते. ती मूल्यांककाकडून काढून घ्या, नाहीतर ‘खरेदी शून्य’ धरून कर भरत बसाल.

शंभर वर्षांची रेषा

पुरावशेष आणि कलानिधी कायदा, 1972 हे नाव लांबलचक आहे, पण परदेशात मुलं असलेल्या प्रत्येक घरानं ते लक्षात ठेवावं. शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या कलावस्तू या कायद्याखाली पुरावशेष ठरू शकतात, आणि असा पुरावशेष खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. आपल्या मालकीचा असला तरी नाही. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांसारखी नोंदणीची सक्ती घरातल्या दागिन्यांना नाही. घरात ठेवा, घाला, वारशानं द्या, देशात विका. पण न्यूजर्सीच्या नातसुनेला घालून पाठवण्याआधी थांबा. हार शंभर वर्षांच्या आतला असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र मिळवता येतं. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्याच्या आवारात आहे, चौकशी तिथून सुरू करा. नियम मोडून पाठवल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. नवा दागिना लग्नापुरता नेऊन परत आणणार असाल तर जाताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे येताना त्यावर शुल्क भरण्याचा प्रश्न येत नाही.

हार घरात नाही, परसात खणताना हंड्यात सापडला असेल तर प्रकरण वेगळं. तिथे 1878चा गुप्तधन कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ‘कुणाला सांगू नका’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं ऐकू नका.

तुम्हीच घेणार असाल तर

‘अँटिक’ आणि ‘अँटिक फिनिश’ यांत अख्ख्या शंभर वर्षांचं अंतर आहे. दुकानातला काळपट केलेला हार बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि त्यात गैर काही नाही, जर भावही त्याच प्रकारचा असेल. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट, खड्याचं नाव, प्रक्रिया आहे की नाही आणि सांगितलेला काळ, हे पाचही लिहून घ्या. तोंडानं ‘व्हिक्टोरियन’ म्हणणारा बिलावर ते लिहायला कचरत असेल तर उठा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, तो बघायला मागा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, आणि ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. दोन्हीकडे तुमचं बिलच बोलतं.

बँकेच्या लॉकरवर फार विसंबू नका. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. वेगळा विमा काढा, आणि त्यासाठी ते पाठीचे फोटो पुन्हा उपयोगी पडतील.

आम्हाला फोटो पाठवणार असाल तर एवढंच मागणं आहे: मखमल नको, फ्लॅश नको. हार पालथा ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि फाशाचा एक जवळून काढलेला फोटो नक्की जोडा.